अनुभव धागा: सोर्सवरून गिट चढवताना तुम्ही कुठे फसलात?

निळी छत्री (धागाकर्ती):
अंधेरीच्या ऑफिसात आमचा एक म्हातारा सर्व्हर आहे. सेंटओएस ७ हे लिनक्स, सोबत आलेलं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं व्हर्जन कंट्रोल टूल) १.८.३.१, म्हणजे २०१३ सालचं. नव्या बिल्ड टूलला ते चालेना. यम या पॅकेज टूलने अपडेट मारावं, तर ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली आणि मिररलिस्टचा (पॅकेज कुठून उतरवायची त्या यादीचा) पत्ताच लागेनासा झाला. म्हटलं, कर्नेल डॉट ऑर्गवरून टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचं गाठोडं, आणू आणि घरीच बांधू. कॉन्फिगर (मशीन तपासणं), मेक (बांधणं), मेक इन्स्टॉल (जागी बसवणं). कुठे एक एरर नाही. व्हर्जन विचारली तर नवीकोरी. ग्रुपवर 'झालं' टाकलं आणि खाली कटिंग प्यायला उतरले. अर्धा ग्लास होतोय तोवर ज्युनिअरचा फोन, "ताई, क्लोन होत नाहीये. एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही म्हणतंय."

क्लोन म्हणजे दुसरीकडचा कोड उतरवून घेणं, आणि एचटीटीपीएसवरून ते करायला गिटला कर्ल लागतं. कर्लची लायब्ररी मशीनवर होती, पण बांधताना लागणाऱ्या तिच्या हेडर फायली नव्हत्या. कॉन्फिगरने ते पाहिलं, 'नो' अशी एक ओळ छापली आणि कर्ल वगळून गिट बांधायचं ठरवून टाकलं. न विचारता! ती ओळ बाकीच्या ओळींसोबत कधीच वर सरकून गेली होती. मग सेंटओएसच्या व्हॉल्टमधून (जुन्या पॅकेजच्या साठ्यातून) त्या हेडर फायलींचं लिबकर्ल-डेव्हेल ओढलं, मेक क्लीन केलं आणि पहिल्यापासून सुरुवात.

तुमचेही किस्से येऊ द्या. गिटच हवं असं नाही. फक्त 'अमुक पॅकेज टाका' एवढंच नको, ते कुठेही मिळतं.

कर्जत स्लो:
माझं बिल्ड चोख झालं होतं, पत्ता चुकला. प्रीफिक्स, म्हणजे कुठे बसवायचं तो पत्ता, दिला नाही तर गिटची मेकफाईल तुमच्या होम डिरेक्टरीत इन्स्टॉल करते, हे कोणाला ठाऊक? मी माझ्या लॉगिनने मेक मारलं, मग रूट (मशीनचा मुख्य युझर) झालो आणि मेक इन्स्टॉल. आता होम बदललं म्हणजे प्रीफिक्स बदलला, त्यामुळे पुन्हा कम्पाईल सुरू. मला वाटलं इन्स्टॉललाच एवढा वेळ लागत असेल. गिट जाऊन बसलं रूटच्या घरात. मी रूट होतो, मला झकास चालत होतं. टीममध्ये दुसऱ्या कोणालाही दिसत नव्हतं, आणि मी प्रत्येकाला 'तुझा पाथ बघ, तुझा पाथ बघ' करत होतो. शेवटची कर्जत सुटायच्या बेतात असताना ट्यूब पेटली. मेक आणि मेक इन्स्टॉल, दोन्हींना तोच प्रीफिक्स द्यायचा असतो.

शून्य कमिट:
आणि सगळं बरोबर करूनही जुनीच व्हर्जन दिसली तर 'हॅश वजा आर' मारा. बॅश (कमांड चालवणारा शेल) जुना रस्ता पाठ करून बसलेला असतो. यापायी मी दोनदा री-इन्स्टॉल केलंय, हसू नका.

माहीमचा काका:
छत्रीताई, तुमची गोष्ट मी एसव्हीएनवर, म्हणजे सबव्हर्जन या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोल टूलवर, भोगली आहे. १.८ पासून सबव्हर्जनने निऑन ही लायब्ररी काढली आणि एचटीटीपीसाठी फक्त सर्फ ठेवलं. सर्फ बांधायला स्कॉन्स हे बिल्ड टूल लागतं, स्कॉन्सला पायथन. एपीआर, एपीआर-युटिल, एसक्यूलाईट या बाकी लायब्रऱ्यांची वरात वेगळीच. सीप्झमधल्या आमच्या क्लायंटच्या मशीनवर इंटरनेट नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून एकेक टारबॉल नेत होतो. दारावरचा सिक्युरिटीवाला दर फेरीला पेनड्राइव्हचा नंबर वहीत लिहून घ्यायचा. तिसऱ्या फेरीला कंटाळून मी सर्फ सोडून दिलं. कॉन्फिगर पुढे गेलं, बिल्ड झालं, आणि चेकआउट (कोड उतरवायची कमांड) मारल्यावर उत्तर आलं की यूआरएलची स्कीम ओळखीची नाही. चौथी फेरी करावीच लागली.

तेव्हापासून सवय लागली. एसव्हीएनला व्हर्जन विचारली की खाली मॉड्यूलची यादी येते, तीत सर्फ आहे का ते आधी बघायचं. गिटसाठी एक्सेक-पाथ (गिटच्या उपकमांडांच्या फोल्डरचा पत्ता) विचारून त्या फोल्डरात रिमोट-एचटीटीपीएस आहे का पाहायचं. नुसत्या व्हर्जनच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

ओली फाईल:
मी हौसेने मेक टेस्ट लावलं होतं. जुना लॅपटॉप, जुलैची रात्र, हजारो टेस्ट. मध्येच बघितलं तर 'ट्रॅश डिरेक्टरी' नावाची फोल्डरं तयार होतायत, नावात चक्क स्पेस! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून सगळं थांबवलं. नंतर कळलं, ती स्पेस मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे स्पेसवाल्या पाथवर गडबडणारा कोड तिथेच पकडला जातो. पुन्हा लावलं तर लाईट गेली, आणि आमच्या बॅटरीचं वय काही विचारू नका.

जुलैवरून आठवलं. गिट लिहिणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने त्याची देखभाल जुनिओ हामानोकडे सोपवली ती तारीख २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तोच दिवस. मी त्या दिवशी कुर्ल्याहून घाटकोपरपर्यंत छातीभर पाण्यातून चालत होतो. व्हर्जन कंट्रोल हा शब्दही ऐकला नव्हता.

पॅकेजवाला:
मला कळत नाही, एवढा हट्ट कशाला? डिस्ट्रोचं (तुमच्या लिनक्सचं) तयार पॅकेज घ्या. आणि बांधायचंच असेल तर निदान ऑप्टखाली व्हर्जनच्या नावाने वेगळं फोल्डर करून तिथे बांधा. गिटच्या मेकफाईलमध्ये अनइन्स्टॉल नाहीच. युझर-लोकलमध्ये ओतलंत की नंतर एकेक फाईल वेचत बसाल. मी बसलोय.

सरस्वतीची पाटी:
मला मॅन पेज (कमांडची माहितीपानं) हवी होती म्हणून मेक डॉक. त्याला अॅस्कीडॉक आणि एक्सएमएलटू ही टूलं लागतात. डोंबिवलीच्या घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होते, आणि त्यांच्यामागून टेक या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरचा अख्खा पसारा यायला लागला. दिवसाचा डेटा दुपारच्या जेवणाआधीच संपला. नंतर दिसलं की कर्नेल डॉट ऑर्गवर तयार मॅन पेजचा वेगळा टारबॉल असतो. तो आईच्या फोनवरून उतरवला.

निळी छत्री (धागाकर्ती):
काका, तुमच्या सांगण्यावरून एक्सेक-पाथमध्ये डोकावले. रिमोट-एचटीटीपीएस जागेवर आहे, क्लोनही झाला. पॅकेजवाले, या वेळी ऑप्टमध्येच बांधलंय, शपथ. आत्ता अॅडमिन सांगून गेला की शेजारच्या रॅकमध्ये अजून एक मशीन आहे. सेंटओएस ६. गिट १.७.१.