संदर्भाच्या जागी इमोजी चालतील का?

रावपुरा_लेखणी (धागा)

बडोद्याच्या जुन्या वाड्यांवर मी मराठीत लिहिते. हे लेख वाचले जातात ते बहुतेक मोबाइलवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत. तिथे तळटीप देता येत नाही आणि शेवटची संदर्भयादी 'आणखी वाचा'च्या पलीकडे राहते. म्हणून माझा प्रस्ताव असा: महत्त्वाच्या प्रत्येक विधानाला शेवटी एक इमोजी. छापील पुस्तकातून घेतलं तर पुस्तक, दप्तरातल्या कागदावरून असेल तर गुंडाळी, कोणी तोंडी सांगितलं तर बोलणारा चेहरा, आणि माझा स्वतःचा अंदाज असेल तर दिवा.

तांबेकर वाड्याचंच घ्या. वाडा दिवाण भाऊ तांबेकरांचा, भित्तिचित्रं एकोणिसाव्या शतकातली, हे छापील पुस्तकांत मिळतं. अमुक खोलीत काय चालायचं, हे मात्र गल्लीतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. लेखात दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी येतात आणि फॉरवर्ड होता होता ऐकीव गोष्टीचा इतिहास होऊन बसतो. निदान कोणतं वाक्य कुठून आलं ते त्याच ओळीत कळायला हवं. तुमचं काय मत?

पोथीप्रेमी

साफ असहमत. पुस्तकाचं चित्र पाहून मला काय कळणार? कोणतं पुस्तक, कोणाचं, कुठल्या साली छापलेलं, कितवं पान? संदर्भ द्यायचा तो वाचकाला मूळ मजकूर काढून पडताळता यावा म्हणून. चित्राने पडताळणी होत नाही, फक्त वजन येतं.

आणि हे वजन कसं वापरलं जातं ते रोज सकाळी आपल्याच फोनवर दिसतं. काढ्याचा एखादा फॉरवर्ड येतो, वर सूक्ष्मदर्शकाचं चित्र, खाली परीक्षानळी, मध्ये 'संशोधनाने सिद्ध झाले आहे'. कोणाचं संशोधन, कधीचं, कोणावर केलेलं, काही नाही. तुम्ही प्रामाणिक आहात, ताई, पण चिन्ह तेच राहणार. तुमच्या पुस्तकात आणि त्या फॉरवर्डच्या परीक्षानळीत वाचकाने फरक कसा करायचा?

निजामपुरा_लॅब

मी धागाकर्तीच्या बाजूने. इमोजी म्हणजे फक्त हसरे चेहरे, हा समज चुकीचा आहे. १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी जी १७६ चित्रं केली, त्यांत हवामान होतं, वाहनं होती. छोट्या पडद्यावर कमी जागेत माहिती देणं, हेच त्यांचं मूळ काम.

संशोधनातही हे नवं नाही. 'सायकॉलॉजिकल सायन्स' हे नियतकालिक २०१४ पासून लेखांवर छोटे बिल्ले देऊ लागलं: विदा (डेटा) खुली आहे, साहित्य खुलं आहे, अभ्यासाची नोंदणी आधी केली आहे. वाचकाला एका नजरेत कळतं.

आणि पोथीप्रेमी, तुम्ही तर बडोद्याचे! आपल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकि रामायणाची चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेली) आवृत्ती काढली, ७ खंड, १९७५ पर्यंत. तिच्या प्रत्येक पानावर चिन्हंच चिन्हं आहेत. मग ती चालतात आणि दिवा का चालत नाही?

पोथीप्रेमी

बरं झालं विषय काढलात. ते पान एकदा उघडून नीट पाहा. वर स्वीकारलेला श्लोक, खाली बारीक टाइपात पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढे अक्षर आणि आकडा. ते अक्षर म्हणजे एक विशिष्ट हस्तलिखित. ते कोणत्या लिपीतलं, कुठल्या संग्रहातलं, हे सगळं प्रस्तावनेत लिहिलेलं आहे. जे श्लोक मूळ संहितेत घेतले नाहीत त्यांना तारांकित क्रमांक दिले, म्हणजे टाकलेलं सुद्धा जपून ठेवलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतात तर संपादकांना ज्या पाठाबद्दल खात्री नव्हती त्याच्याखाली नागमोडी रेघ मारली आहे.

ती चिन्हं एकेका पोथीपर्यंत नेतात. तुमचं पुस्तकाचं चित्र जगातल्या सगळ्या पुस्तकांकडे बोट दाखवतं. बिल्ल्यांचंही तेच: त्यांच्यामागे विदा जिथे ठेवली आहे तिथला दुवा असतो, म्हणून त्यांना अर्थ आहे.

नागमोडी रेघेचा मुद्दा मात्र तुमच्या दिव्याच्या बाजूने जातो, हे मान्य करतो. 'हा माझा अंदाज' असं सांगणारी खूण मला हवीच आहे. बाकी तिन्ही नकोत.

कानाने_वाचतो

मला दिसत नाही. मी फोनवरचं सगळं टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीने, ऐकतो. इमोजी आला की तो चित्राचं नाव उच्चारतो, वाक्याच्या मध्ये असेल तर मध्येच. तीन पुस्तकं टाकली तर तीनदा. अर्धं वाक्य विसरून मी पुन्हा मागे जातो. 'दिवा' ऐकल्यावर तो लेखिकेचा अंदाज आहे हे मला कसं कळावं? वाड्याच्या लेखात दिवा खरोखरचाही असू शकतो. कंसात 'ऐकीव' किंवा 'अंदाज' एवढा एक शब्द लिहिलात तर डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही कळेल आणि मलाही. शब्द असताना चित्राचा हट्ट कशासाठी?

मांडवी_ग्रंथपाल

वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. आणखी एक अडचण टिकण्याची. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, इमोजीचा क्रमांक पक्का असतो, चित्र नाही. ते प्रत्येक कंपनी आपापलं काढते. ॲपलने २०१६ मध्ये पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली, आणि काही काळ एका फोनवरून पाठवलेली पिचकारी दुसऱ्या फोनवर खरं पिस्तूल दिसत होती. प्रबंधात हे चालायचं नाही. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवलेला प्रबंध पुढच्या पिढीने उघडला आणि संदर्भाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर कोणाला विचारायचं?

स्वतःच्या नोंदींत खुशाल वापरा. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टॅगला इमोजी दिला की यादीत शीर्षकाशेजारी दिसतो, कोणतं वाचून झालं आणि कोणतं राहिलं ते पटकन कळतं. ते तुमच्यापुरतं आहे, छापलं जात नाही.

निजामपुरा_लॅब

प्रबंधाचं कोण म्हणतंय? प्रश्न ग्रुपवरच्या लेखाचा आहे. तिथे पर्याय 'इमोजी की तळटीप' असा नाहीच, 'इमोजी की काहीच नाही' असा आहे. पूर्ण संदर्भाचा आग्रह धरलात तर लोक एकही संदर्भ देणार नाहीत, आणि आज तेच चाललंय.

रावपुरा_लेखणी

'कानाने वाचतो' यांचं म्हणणं मला पटलं. चित्राच्या जागी शब्दच लिहीन: 'छापील', 'दप्तर', 'ऐकीव', 'अंदाज'. पण पोथीप्रेमींचं 'बाकी तिन्ही नकोत' मला मान्य नाही. दप्तर आणि ऐकीव यांत फरक दाखवणं हाच माझ्या लेखांचा प्राण आहे. पुस्तकाचं नाव आणि पान त्याच ग्रुपमध्ये पुढच्या संदेशात देईन, ज्याला हवं तो पाहील.

पोथीप्रेमी

फॉरवर्ड करणारा तो दुसरा संदेश पाठवत नाही, ताई. पहिलाच पाठवतो. पुस्तकाचं नाव आणि पान त्या पहिल्या संदेशातच हवं, मग लेख चार ओळींनी वाढला तरी चालेल. आणि 'ऐकीव'चं काय? कोणत्या घरातून, साधारण कोणत्या वयाच्या माणसाकडून, कोणत्या वर्षी ऐकलं? त्यांचं नाव छापायची परवानगी नसेल तर नका छापू, पण एवढं तरी त्याच ओळीत लिहाल का?