जर्मन 'गिफ्ट' म्हणजे विष: हा अर्थ भीतीतून आला की वैद्याकडून?

ओवी: जर्मनमध्ये 'दास गिफ्ट' म्हणजे विष, हे कळलं तेव्हा मी चमकलेच. मूळ एकच, 'देणे'. इंग्रजीत भेट, डचमध्ये 'गिफ्ट' देणगी आणि 'गिफ' विष, स्वीडिशमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि विवाहितही! माझं मत असं की विषाचा अर्थ भीतीतून आला. विषाचं नाव घ्यायला माणूस कचरतो. आपणही म्हणतोच ना, "त्याला कुणीतरी काहीतरी दिलं असणार"? काय दिलं ते विचारावं लागत नाही.

जुनी पाटी: ओवीताई, नाही पटत. ग्रीक 'दोसिस' म्हणजे देणं, त्यावरून वैद्याने दिलेली मात्रा. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि त्याच्या धर्तीवर जुन्या जर्मनमध्ये 'गिफ्ट'ला मात्रेचा अर्थ चिकटला. इंग्रजी 'डोस' तोच, आणि त्यातला 'दो' म्हणजे आपल्या 'दान'मधला 'दा'. पुढे मात्रेचं विष झालं. लॅटिन 'पोतिओ' म्हणजे नुसतं पेय, तरी त्यातूनच 'पॉयझन' निघाला. अशा गोष्टी औषधाच्या पेल्यातच घडतात.

ओवी: मग डच 'फरखेव्हन'चं काय? क्षमा करणे हा त्याचा नेहमीचा अर्थ, पण विष घालणे हाही आहे. तेही 'देणे'वरूनच. तिथे कुठला लॅटिन वैद्य आला?

सावली: मधेच बोलते, कारण "लग्न म्हणजे विष" हा विनोद या शब्दावरून फार फिरतो आणि मला तो खटकतो. स्वीडिशमधला 'विवाहित' हा अर्थ वधू 'दिली' यावरून आला, आपल्या कन्यादानासारखा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वधूमूल्य होता, अनेकवचनात तर थेट लग्न. त्याचा उच्चार 'यिफ्ट'सारखा. आजचा ठणठणीत 'ग' नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, लोकांकडून आला. विषाचा आणि लग्नाचा अर्थ वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत.

जुनी पाटी: सावलीताईंचं शंभर टक्के मान्य. ओवीताई, 'फरखेव्हन'चा मुद्दा बिनतोड आहे, लोकांच्या बोलण्यातही ती वाट होती हे मानतो. पण नामाबद्दल मी ठाम आहे. जर्मनमध्ये भेटीचं 'गिफ्ट' स्त्रीलिंगी होतं, आजचं विषाचं नपुंसकलिंगी. पहिलं मागे पडलं आणि फक्त 'दी मिटगिफ्ट'मध्ये उरलं. त्याचा अर्थ हुंडा.