तिसरा सीझन सरसकट काढू नका

विश्रामबागला 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेचे (मूळ, साठच्या दशकातल्या) तीन भाग दाखवायचे, तर तिसऱ्या सीझनमधला एकही नको, असं दादांचं म्हणणं आहे. मला हे अजिबात पटत नाही. त्या सीझनचं बजेट कापलं गेलं, वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली, हे खरंच. पण त्यातलाच 'द एम्पथ' हा भाग बघा: काळी मोकळी स्टेज, मोजक्या वस्तू, एक मुकी मुलगी, आणि तरी नजर हलत नाही.

भाग पारखताना सेट नाही, सुटका बघावी. शेवटी जो उपाय सापडतो त्याचं बी आधी पेरलंय का? तिसऱ्याच सीझनचा 'स्पॉक्स ब्रेन' नेमका इथेच गडगडतो. यंत्र डोक्यावर ठेवून यानाचा डॉक्टर मॅकॉय याला एकदम सहकारी स्पॉकचा मेंदू परत बसवायच्या शस्त्रक्रियेचं ज्ञान मिळतं, ते अर्ध्यात ओसरायला लागतं, मग टेबलावरचा स्पॉकच त्याला पुढचं सांगतो. अडचण आली की नियम बदलला!

उलट पहिल्या सीझनचा 'बॅलन्स ऑफ टेरर'. सुरुवातीलाच लग्न लागता लागता धोक्याची घंटा होते. पुढे दोन जहाजं, नायकांचं एन्टरप्राइज आणि शत्रूचं, पाणबुड्यांसारखी दबा धरून एकमेकांचा अंदाज घेतात. जिंकल्यावर कळतं, एन्टरप्राइजवर मेलेला एकच, तो नवरदेव. पहिल्या पाच मिनिटांची किंमत शेवटी वसूल होते.

प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा. आधी 'बॅलन्स', चहानंतर 'एम्पथ'. 'सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' शेवटीच ठेवा, त्यानंतर दुसरं काही डोक्यात शिरत नाही.