मदत हवी आहे : निक्कोच्या याबुसामेचे फोटो

मंडळी, १७ मे रोजी जपानमधल्या निक्कोच्या तोशोगू देवस्थानात याबुसामे, म्हणजे भरधाव घोड्यावरून धनुर्विद्या, असते. लक्ष्यं ३, तिन्ही स्वाराच्या डाव्या हाताला. उजवीकडून स्वाराची पाठच मिळते. डावीकडून चेहरा दिसतो, पण लक्ष्याची फळी मध्ये येते. शिवाय उंच सुगी (जपानी सिडार) झाडांची दाट सावली; १/१००० सेकंद शटरला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जातो. १/२५० वर पॅनिंग केलं (घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला) तर घोडा ठीक, पण बाण सुटताना स्वाराचा हात धूसर येतो. लगाम सोडलेला असतो, सगळा खेळ क्षणाचा!

दुसऱ्या लक्ष्याच्या थोडं पुढे, डावीकडे उभं राहून फळी फुटतानाचा फोटो मिळतो का? ७०-२०० मिमी लेन्स पुरेल? जागा धरायला किती वाजता पोचावं?