ऑनलाइन मनोविश्लेषण : थेरपिस्ट गप्प आहेत की नेट गेलंय?

प्रश्न
आठवड्यातून दोनदा ऑनलाइन मनोविश्लेषणात्मक थेरपी सुरू करायची आहे. पहिली काही सेशन्स व्हिडिओवर समोरासमोर, नंतर हवं तर आडवं पडून, एकमेकांचा चेहरा न बघता, असं थेरपिस्ट म्हणतात. मग साध्या फोनपेक्षा यात वेगळं काय? ते गप्प झाले तर ऐकताहेत की कॉल अडकलाय, हे कसं ओळखायचं? घर वन बीएचके आहे, दार लावलं तरी आवाज बाहेर जातो.

प्रतिसाद १
चेहरा न दिसणं ही ऑनलाइनमुळे करावी लागलेली तडजोड नाही. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइडही व्हिएन्नात पेशंटला कोचावर झोपवून स्वतः त्याच्या डोक्यामागे बसत. समोरच्याच्या चेहऱ्यावर पसंती-नापसंती दिसत राहिली की माणूस जपून बोलतो. इथे मनात येईल ते, फालतू वाटलं किंवा लाज वाटली तरी, न गाळता बोलायचं असतं. हळूहळू आईवडिलांवरचा राग, त्यांची धास्ती, त्यांना खूश ठेवायची धडपड थेरपिस्टच्या बाबतीतही सुरू होते. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. साध्या फोनवर हे सगळं विरून जातं, इथे त्यावरच काम होतं.

लॅपटॉप डोक्यामागे, जरा बाजूला, स्टुलावर ठेवा. त्यांना तुम्ही दिसाल, तुम्हाला ते दिसणार नाहीत. इअरफोन वायरचा घ्या, ब्लूटूथचं चार्जिंग नेमकं मध्येच संपतं. बसून बोलणार असाल तर स्क्रीनवरची स्वतःची छबी लपवा, नाहीतर अर्धं लक्ष तिच्याकडेच जातं.

प्रतिसाद २
शांततेचा प्रश्न तुम्ही अगदी योग्य विचारलात, कारण ऑनलाइन काम बिघडतं ते बहुतेक तिथेच. खोलीत खुर्ची करकरते, श्वास ऐकू येतो, म्हणजे कुणीतरी आहे हे कळतं. कॉलचं सॉफ्टवेअर मात्र गोंगाट कमी करण्याच्या नादात उसासा, दबलेला हुंदकाही कापून टाकतं. ती सेटिंग दोघांनीही बंद करा. झूमवर असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा.

पहिल्याच सेशनमध्ये हे ठरवून घ्या : कॉल तुटला तर परत कोण लावणार, किती मिनिटं थांबून साधा फोन करायचा, ४५-५० मिनिटांतली गेलेली वेळ भरून मिळणार का, आणि चुकलेल्या सेशनची फी पडणार का. कॉल तुटला तेव्हा 'कंटाळून ठेवला असेल' असं क्षणभर जरी वाटलं, तरी परत जोडल्यावर आधी तेच सांगा. 'रेंज गेली होती' म्हणून पुढे गेलात तर कामाची गोष्ट हातची जाते.

प्रतिसाद ३
वन बीएचकेत दाराबाहेर टेबलफॅन किंवा रेडिओ लावा. दाराच्या फटीखाली जाड टॉवेल ठेवला तरी बराच फरक पडतो. तेही जमलं नाही तर बंद उभ्या गाडीत बसा, पण त्या दिवशी आडवं पडणं विसरा. कॉल संपला की लगेच स्वयंपाकाला किंवा मीटिंगला धावू नका, १० मिनिटं मोकळी ठेवा. दवाखान्यातून घरी परतताना जो वेळ मिळतो, तो इथे मुद्दाम काढावा लागतो.

थेरपिस्टकडे तुमचा सध्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर असू द्या. भास होत असतील, जीव द्यावासा वाटत असेल किंवा घरात कुणी फोन तपासत असेल तर केवळ ऑनलाइनवर विसंबू नका, प्रत्यक्ष भेटून उपचार घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर जवळ ठेवा.

आणि थेरपिस्टचं स्वतःचं मनोविश्लेषण झालंय का, त्यांच्या केसेसवर देखरेख कुणाची असते, हे जरूर विचारा. या शाखेत दोन्ही गोष्टी प्रशिक्षणाचाच भाग आहेत, त्यामुळे विचारण्यात संकोच नको.