दुपारी दुकान बंद : लक्ष कसं राखता, आणि आतून 'नको' आलं तर ऐकता का?

लालमाती (पेडणे)
काल दुपारी अडीचच्या सुमाराला म्हापशात होते. ब्रश हवे होते, दुकान बंद. पायरीवर छत्री घेऊन उभा असलेला एक पर्यटक चिडून म्हणत होता, भर दुपारी धंदा बंद ठेवून ही माणसं खातात काय? आणि मला एकदम मामा आठवला.

मामाचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. एक ते चार फळ्या लावलेल्या. एकदा कोणीतरी बराच वेळ फळी ठोठावत होतं. मामा आत खाटेवर जागाच होता. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. तर म्हणाला, "असूं दी. जेवल्यावर माझी काच वाकडी कापली जाते." एवढंच. सुशेगाद, म्हणजे निवांत गोंयकार, म्हणून लोक हसतात, पण आपला हात कधी ऐकतो आणि कधी ऐकत नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आता माझा स्टुडिओ आहे, कावीचे पॅनल करते. फळ्या नाहीत, फोन आहे, आणि तो कोणीही कधीही ठोठावतो. कावीत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो वाळायच्या आत खरवडून खालचं पांढरं बाहेर काढतात. मध्येच "हॅलो, रेट काय" ला उत्तर द्यायला गेलं की गिलावा थांबत नाही. म्हणून खरवडताना फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर.

दुसरी गोष्ट सांगायला कठीण आहे. मागे एका रिसॉर्टच्या लॉबीची अख्खी भिंत करायला बोलावलं होतं. पैसे चांगले, माणसं सभ्य. जागा बघायला गेले आणि भिंतीसमोर मला चित्रच दिसेना. एरवी भिंत बघितली की वेल कुठून चढणार ते आधी दिसतं. नको म्हटलं. कारण विचारलं तर सांगता येईना, म्हणून तारखा जमत नाहीत अशी थाप मारली.

तुमचं काय? स्वतःच्या हातचं काम विकून पोट भरणाऱ्यांनी जरूर लिहा.

शुक्रवारचा बाजार
मामांच्या दुकानाचं नाव सांगा. आमच्या आजोबांची फ्रेम अजून यायचीय 😄

थरावर थर (मडगाव)
मी बेबिंक, म्हणजे आपला थरांचा गोड केक, करते ऑर्डरीने. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. एक थर ओतायचा, वरून आच, रंग आला की तूप, मग पुढचा. सात तर सात, कोणाला जास्त हवे तर तेवढा वेळ ओव्हनपाशी उभं. टायमर लावून बघितला, काही उपयोग नाही. नारळाचं दूध रोज वेगळं असतं. थर झाला हे वासावरून कळतं, आणि फोनवर बोलत असले की नाक बंद होतं माझं. खरंच सांगते, वासच येत नाही.

नाताळात फोन नवऱ्याकडे देते. तो सगळ्यांना हो म्हणतो.

थरावर थर (मडगाव)
2023 मध्ये बेबिंकला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर दिल्लीहून कुरिअरची चौकशी. थांबा दूध उतू गेलं

नकोय एक्स्पोजर
लोगो आणि पॅकेजिंग करतो. रात्री साडेअकराला "दादा छोटासा बदल". व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या, अर्धं आयुष्य परत मिळालं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये अवे मेसेज असतो, वेळ ठरवून ठेवता येतो. माझा एक ते चार आणि रात्री आठनंतर आपोआप जातो. मामांची फळीच ती.

टेक्सास विद्यापीठातला 2017 चा एक अभ्यास आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी तो टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा डोक्याची कामं चांगली केली, टेबलावरचा फोन बंद असला तरीही. नंतरच्या काही प्रयोगांत तसा फरक दिसला नाही, तेव्हा शपथ घेऊ नका. मला मात्र पिठाचा डबा पटला.

आतलं म्हणाल तर, "यातून तुम्हाला एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य आलं की मान आखडते. वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच.

शुक्रवारचा बाजार
माझी मान पावसाने आखडते.

तिसरी घंटा (फोंडा)
जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, जत्रेच्या उत्सवी नाटकांपासून स्पर्धेपर्यंत. पाठमोरा असलो तरी स्पॉट अर्धा सेकंद उशिरा पडला ते मला कळतं, कसं ते विचारू नका. पण सामान भाड्याने देणाऱ्या पार्टीबद्दल "माणूस बरा वाटतो" असं आतून आलं, तर मी त्याला काडीची किंमत देत नाही. लेखी घेतो.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांचा 2009 चा एक लेख आहे. एक अंतःप्रेरणेवर संशय घेणारा, दुसरा अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांची अंतःप्रेरणा अभ्यासणारा. भांडायला बसले आणि एकमत झालं. कामात काही नियमितपणा असेल, आणि बरोबर की चूक ते वारंवार कळून तुम्ही शिकला असाल, तरच आतल्या आवाजावर भिस्त ठेवा. स्वतःला खात्री वाटते हा पुरावा नव्हे. लालमाती ताईंना भिंत कळते कारण त्यांनी भिंती केल्यात. त्याच ताईंनी आतून वाटलं म्हणून मोपा विमानतळाजवळ प्लॉट घेतला तर मी अडवीन.

लालमाती (पेडणे)
@तिसरी घंटा प्लॉट घ्यायला पैसे कुठे, रिसॉर्टला नको म्हटलं ना 😂
पटलं पण. मी भीती आणि नको यांत असा फरक करते : घाबरले असले की मी भरभर बोलत सुटते, दहा जणांना विचारते. खरं नको असलं की गप्प होते, कोणाला विचारावंसंही वाटत नाही.

नकोय एक्स्पोजर
मग त्या भिंतीचं पुढे काय झालं?

लालमाती (पेडणे)
काही नाही. वॉलपेपर लावला त्यांनी. छान दिसतो म्हणे.

हणजुणची पणती
सगळं वाचलं, छान आहे, पण मला थोडं खुपलं. मातीची भांडी करते, गिऱ्हाईक सगळं टुरिस्ट. ऑक्टोबर ते मार्च जे येईल ते. आत्ता जुलै. स्टुडिओचं भाडं पावसाळ्यात कमी होत नाही. हॉटेलवाल्याने ऍशट्रे करून मागितले, पोटात गोळा आला, तरी हो म्हटलं, आणि परत म्हणेन. नको म्हणायला घरात दुसरा पगार लागतो. हे कोणी लिहीत नाही.
मुलगा उठला. नंतर येते

थरावर थर (मडगाव)
अगदी गो बाय. आमच्याकडे ह्यांचा पगार आहे म्हणून माझं नाक चालतं. तो नसता तर जळका थरही विकला असता.

तिसरी घंटा (फोंडा)
@हणजुणची पणती बरोबर बोललात. आवाज ऐकू येणं वेगळं आणि तसं वागायला परवडणं वेगळं. चतुर्थीसाठी समया, निरांजनं करत नाही का? आमच्याकडे फोंड्यात मातीच्या वस्तूंना मागणी असते त्या वेळी.

हणजुणची पणती
करते ना, पण पावसात वाळत नाही काही. लाईट पण सकाळपासून तीनदा गेली. भट्टी कशी लावू? ऍशट्रे मात्र वाळले, नशीब बघा त्यांचं

शुक्रवारचा बाजार
सिगारेटवाल्यांचं नशीब नेहमीच सुकं.

कुळागरातला
विषयाला सोडून विचारतो. लालमाती ताई, चुना कुठला वापरता? आमच्या जुन्या घराची भिंत पोपडे धरतेय, गवंडी सिमेंट मारूया म्हणतो. माझं मन नको म्हणतंय. (बघा, विषयात आलोच.)

लालमाती (पेडणे)
सिमेंट अजिबात नको. जुनी भिंत मातीची किंवा चिऱ्याची असेल तर ओल आतच अडकते. शिंपल्यांचा चुना मिळाला तर उत्तम. पण आत्ता काहीही करू नका, दिवाळी होऊ दे, भिंत सुकू दे. गवंड्याला चहा पाजून परत पाठवा.

कुळागरातला
चहा रोज पितोच तो. बरं, थरावर थर ताई, नाताळाला एक बेबिंक हवं. कुरिअर नको, स्वतः येऊन नेतो.

थरावर थर (मडगाव)
नोव्हेंबरात मला मेसेज करा, ह्यांना नको. अंडं चालतं ना? बलक घालावेच लागतात. काल एकीने बिनअंड्याचं मागितलं, वर म्हणते चव तीच हवी.

कुळागरातला
मला चालतं. आईला सांगू नका म्हणजे झालं.