मदत हवी आहे : नागपूर ते लेह गाडीने, सोबत स्टेंट टाकलेले बाबा. जावं की नाही?

नमस्कार मंडळी,

हा धागा टाकू की नको करत बरेच दिवस गेले. आता घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो आणि कोणाचंच एकमत होत नाही, म्हणून शेवटी इथे लिहून राहिलो. ज्यांनी ही ट्रिप केली आहे आणि खास करून वयस्कर आई-वडिलांना घेऊन केली आहे त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा. नुसतं "जा बिनधास्त" नको, का जा किंवा का नको ते सांगा.

नागपूरवरून लेहला स्वतःच्या गाडीने जायचंय. मी, मेव्हणा, आई आणि बाबा. बायको आणि मुलगी शाळेमुळे येऊ शकत नाहीत. गाडी २०१९ ची डिझेल ब्रेझा आहे, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं आहे, तिची मला फारशी काळजी नाही. काळजी बाबांची आहे. वय ६८, दोनेक वर्षांआधी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. शुगर नाही. सकाळी अंबाझरी तलावाला चांगला मोठा राउंड मारतात, दम लागत नाही, पण अंबाझरी कुठं आणि लडाख कुठं.

आता कोणी म्हणेल मग नेताच कशाला, त्यासाठी थोडं सांगावं लागेल. बाबांचं अर्धं आयुष्य ट्रकवर गेलं. काटोल-नरखेडचा संत्रा भरायचा आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायचा, येताना मिळेल तो माल. सिवनी, लखनादौन, सागर, झाशी, ग्वाल्हेर हे सगळं त्यांना आपल्या मोहल्ल्यासारखं पाठ आहे. नॅशनल हायवेचे नंबर २०१० मध्ये बदलले पण ते अजूनही लखनादौनपर्यंत "सात नंबर" आणि पुढे झाशीपर्यंत "सव्वीस नंबर"च म्हणतात. आता तो सगळा ४४ झालाय आणि हाच ४४ पुढे थेट श्रीनगरपर्यंत जातो. आपल्या घरापासून कामठी रोडला लागलं की एकाच नंबरच्या रस्त्याने काश्मीर, हे त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं बसलेलं आहे. दिल्लीच्या पुढे ते कधी गेलेच नाहीत. माल तिथे उतरायचा आणि गाडी परत फिरायची.

मी म्हटलं बाबा, फ्लाइटने जाऊ, तिथे टॅक्सी करू. तर म्हणाले, "इमानात काय दिसते? दिल्लीवरी मी तुले रस्ता दाखवतो, त्याच्या पुढं तू मले दाखव." यावर मी काय बोलणार.

माझा हिशोब असा आहे. नागपूर ते श्रीनगर साधारण १९०० किमी, श्रीनगर ते लेह ४२० च्या आसपास. परत मनालीवरून आलो तर लेहमधलं फिरणं धरून पाच हजार किमीच्या घरात जातं. दिल्लीच्या आत शिरायचं नाही, पलवलवरून ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवे धरायचा आणि कुंडलीला परत ४४ वर यायचं. मी आणि मेव्हणा आळीपाळीने चालवणार, अंधार पडायच्या आत मुक्काम, हे पक्कं आहे. बाबांना स्टिअरिंग द्यायचं नाही हेही पक्कं आहे, फक्त ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सपाटीवरच्या रस्त्याचं टेन्शन नाही. पूर्वी कुरई घाटात ट्रक तासन्‌तास अडकायचे म्हणून बाबा सांगतात, आता तिथे पेंचमधून फोरलेन झालाय, खालून जनावरं जातात आणि वरून गाड्या. खरा प्रश्न श्रीनगरनंतर सुरू होतो. झोजिला साडेअकरा हजार फूट, कारगिल पावणेनऊ हजारावर, मग नमिका ला (ला म्हणजे तिकडे खिंड, पास), मग फोटू ला साडेतेरा हजाराच्या जवळ, आणि लेह साडेअकरा हजार. लेहला हवेतला ऑक्सिजन आपल्या नागपूरच्या साधारण दोन तृतीयांश पडतो. मनालीच्या बाजूने तर तांगलांग ला १७,४८० फूट, तिथे जवळपास निम्माच.

आमच्या कार्डिओलॉजिस्टना विचारलं. त्यांनी टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करायला लावली, दोन्ही नॉर्मल आले. तरी ते हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. म्हणाले, हृदय सध्या ठीक आहे, पण उंचीचा त्रास कोणाला होईल हे टेस्टवरून सांगता येत नाही, पंचविशीतल्या पैलवानाला होतो आणि सत्तरीच्या माणसाला होत नाही. झोपायची उंची हळूहळू वाढवा, दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा जास्त नको, गोळ्या चुकवू नका, आणि त्रास झाला तर "बघू सकाळी" करू नका, खाली उतरा. डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) म्हणाले की सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी बघू आणि बीपीच्या गोळ्यांशी जुळवून मीच डोस लिहून देईन, मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका.

बायकोचं म्हणणं की डॉक्टरने हो म्हटलं नाही म्हणजे नाही. ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. बहीण म्हणते की बाबांनी आयुष्यभर आपल्यासाठी गाडी हाकली, एकदा त्यांच्यासाठी हाक. तीही चुकीची नाही. आई म्हणते ते जात असतील तर मी सोबत राहीन, गोळ्या मी देईन. तिची अट एकच, महालक्ष्म्या झाल्या की लगेच निघा, पितृपक्षात घरून निघायचं नाही, रस्त्यात लागला तर चालेल.

सप्टेंबर मला पण बरा वाटतो. उन्हाळ्यात नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीतून निघून बर्फात जायचं हे बाबांच्या बीपीला झेपेल असं वाटत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेची गर्दी आणि वरून पाऊस. पण २०२३ च्या जुलैमध्ये कुलू-मनालीकडे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि २०२५ मध्ये तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर जम्मू-श्रीनगर रस्ता दरडींमुळे किती दिवस बंद होता. म्हणजे सप्टेंबर सेफ असं पण डोळे झाकून म्हणता येत नाही. रस्ता बंद पडला आणि गोळ्या संपल्या तर? म्हणून दुप्पट गोळ्या न्यायच्या ठरवल्या आहेत, अर्ध्या आईच्या पर्समध्ये अर्ध्या माझ्या बॅगेत.

तर मला नेमकं हे विचारायचंय की स्टेंट असलेल्या माणसाला कोणी लेहला रस्त्याने नेलंय का, काय झालं, वाईट झालं असेल तरी लिहा. मनालीवरून परत यावं की आल्या वाटेनेच श्रीनगरवरून? आणि मध्येच परत फिरायचं ठरलं तर ते कुठे ठरवायचं? लेहला पोचल्यावर ठरवणं उशिराचं होईल असं मला वाटून राहिलं.

प्रतिसाद

नाशिकवरून लिहितेय. आम्ही सासूबाईंना नेलं होतं, त्यांना स्टेंट नव्हता पण बीपी होतं. जाताना श्रीनगरकडून गेलात हे बरोबर करताय. मनालीचा परतीचा विचार मात्र सोडा असं कळकळीने सांगते. कारण उंची एवढंच नाहीये. तांगलांग ला, लाचुलुंग ला, नकी ला, बारालाचा, एकामागे एक पास आहेत आणि पांग, सरचू हे मुक्काम त्यांच्या मध्ये अडकलेले आहेत, म्हणजे रात्री पांगला कोणाचा श्वास लागला तर खाली उतरायचं म्हटलं तरी आधी एक पास चढावाच लागतो. पांगला आर्मीचा कॅम्प आहे, ते लोक मदत करतात, पण दवाखाना म्हणावा असं मध्ये काही नाही. मनालीच्या बाजूला टांडीला पेट्रोल पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किमीवर अशी पाटी प्रसिद्ध आहे, त्यावरूनच समजा किती ओसाड आहे ते. श्रीनगरच्या रस्त्याला गावं आहेत, कारगिलला जिल्हा हॉस्पिटल आहे, लेहला एसएनएम हॉस्पिटल आहे, तिथे टुरिस्टांना ऑक्सिजन लावणं रोजचं काम आहे. आणि एक, लेहला ऑक्सिमीटर लावून घाबरू नका. धडधाकट माणसाचं पण नव्वदच्या खाली दिसू शकतं. आकड्यापेक्षा माणूस बघा. बसल्या जागी दम लागतोय, चालताना तोल जातोय, खोकला वाढतोय, असं दिसलं की आकडा कितीही असू द्या, गाडी काढा.

प्रतिसाद

भाऊ, मी पण नागपूरचाच, मानेवाडा. काकांना नेऊच नका असं स्पष्ट सांगतो. लेह पाहिलं नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. आणि न्यायचंच असेल तर हिमसागर किंवा अंदमान एक्सप्रेसने कटऱ्यापर्यंत, तिथून २०२५ पासून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली आहे, चिनाबचा पूल पण पाहून होते. तुम्ही गाडी घेऊन पुढे जा, श्रीनगरला भेटा. तीन-चार दिवस गाडीत बसून पाय सुजवण्यापेक्षा हे बरं. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने सलग बसून राहू नये, एवढं तरी लक्षात ठेवा.

प्रतिसाद

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. चौघांपैकी किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपनीचं पोस्टपेड ठेवा. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालाय पण झोजिला अजून चढूनच जावं लागतं, सकाळी लवकर निघा. बाकी वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताईंचा प्रतिसाद मी रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पासच्या मध्ये अडकलेल्या मुक्कामाचं ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बराबर हाय. जिथून गाडी सोडून देता येत नाही तिथं लोड घेऊन जाऊ नये." मनाली कॅन्सल. मला ते समजवायला आठवडा लागला असता.

मानेवाड्याच्या भाऊंचा ट्रेनचा ऑप्शन पण सांगितला. त्याला नाही म्हणाले, पण दर दीड तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करायचं कबूल केलं आहे, आणि पहिल्या दिवशी झाशीच्या ऐवजी सागरलाच मुक्काम करू. स्टिअरिंगचं पण काल सांगून टाकलं. तोंड पाडलं, पण ऐकलं. फक्त घाट उतरताना मेव्हण्याच्या बाजूला मीच बसणार म्हणाले, त्याला ब्रेकवर पाय ठेवून उतरायची सवय आहे, ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरवायची गाडी हे त्याला शिकवावं लागेल. हे त्यांचं अगदी खरं आहे, झोजिलाच्या उतारावर ब्रेक तापले तर काय होईल हे आमच्या दोघांपेक्षा त्यांना जास्त कळतं.

आता प्लॅन असा बदलून राहिलो. श्रीनगरला दोन-तीन रात्री. मग कारगिलला दोन रात्री, आणि पुढे जायचं की नाही हे कारगिललाच ठरवायचं. तिथे भूक, झोप, लघवी, चालणं सगळं ठीक असेल, डोकं दुखत नसेल, तरच पुढे. पुढे अल्चीला एक रात्र, ते लेहपेक्षा खाली आहे, फोटू ला फक्त ओलांडायचा, वर थांबायचं नाही. मग लेह. लेहच्या वर आई-बाबांना न्यायचं नाही, खारदुंग ला नाही, पँगाँग नाही, मेव्हण्याला जायचं असेल तर त्याने शेअर टॅक्सीने जावं. परत फिरायचा निर्णय बाबांचा नाही आणि माझा पण नाही, आईचा. ती म्हणाली परत तर परत, कोणी वाद घालायचा नाही. हे चौघांनी बसून कबूल केलं आहे, बायकोला हा भाग पटला. बाकी ट्रिपबद्दल ती अजून तयार नाही आणि तिच्याशिवाय मी निघणार नाही. निघायच्या आधी डॉक्टरांना हा नवीन प्लॅन दाखवायचाय, त्यांनी स्वच्छ नको म्हटलं तर श्रीनगरवरूनच परत, दाल लेकला चार दिवस राहू.

एक मदत अजून हवी. कारगिल आणि अल्चीला सप्टेंबरअखेर रात्री किती थंडी असते, आणि रूम घेताना गरम पाणी, तळमजला आणि रूमपर्यंत गाडी जाईल असं मिळतं का? बाबांना थंडीत जिने चढवायचे नाहीत. कोणी राहिलं असेल तर जागेचा अंदाज आणि साधारण भाडं सांगा, आणि लेहला ऑक्सिजन सिलिंडर भाड्याने मिळतो की नागपूरवरूनच कॅन घेऊन जावे तेही.